मागचं डावं चाक धरतंय : मारुती ८०० च्या ब्रेकच्या नोंदी

गाडी मारुती ८००, २००७ ची, एमएच-०८ पासिंग. पुढे डिस्क, मागे ड्रम. गाडी काकांची, राहते गुहागरला घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये. शेडपासून समुद्राची गाज ऐकू येते, म्हणजे खारी हवा बारा महिने आणि पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी. जून ते सप्टेंबर गाडी जवळपास उभीच होती. मी चिपळूणहून शनिवार-रविवारी येतो, त्यामुळे काम तुकड्यातुकड्यांनी झालं. तारखा त्याप्रमाणे.

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार (दसरा)

पूजेसाठी गाडी बाहेर काढायची होती. बॅटरी उतरली होती, शेजारच्यांच्या गाडीवरून जम्पर केबल लावली, इंजिन लगेच लागलं. पहिला टाकून क्लच सोडला तर गाडीची मागची बाजू किंचित खाली बसली आणि इंजिन बंद पडलं. रिव्हर्सलाही तेच.

हँडब्रेक खालीच होता. पण जूनमध्ये गाडी लावताना काकांनी तो ओढून ठेवला होता आणि आज सकाळी सोडला. वर-खाली करून बघितला. पहिले काही दांते लिव्हर अगदी सैल वर येतो, हाताला ताण लागतच नाही. ही खूण महत्त्वाची. लिव्हर खाली गेला, पण केबल त्याच्याबरोबर परत गेली नाही, म्हणून मध्ये ढिल पडली. चाकाकडचं टोक अजून ओढलेल्याच जागी असणार.

आता दोन शक्यता एकत्र आहेत. एक म्हणजे चार महिने लायनर, म्हणजे ड्रमच्या आतल्या कमानीसारख्या शूंवरचा घासणारा थर, ड्रमला टेकून राहिलं. ड्रम बिडाचा. दमटपणात त्याला गंज चढतो आणि लायनर गंजाने ड्रमला चिकटून बसतं. हे चिकटणं एकदा सुटलं की सुटलं. दुसरी शक्यता, शू मागे येऊच शकत नाहीत. ते आपोआप सुटणार नाही. यातलं काय ते गाडी हलल्याशिवाय कळणार नाही.

क्लच हळू सोडत गाडी पुढे-मागे झुलवली. आधी उजवीकडून ‘टक्’ आवाज आला, थोड्या वेळाने डावीकडून. ड्रमवर हातोडी मारायची नाही हे आधीच ठरवलं होतं. बीड ठिसूळ असतं, कडेला तडा गेला तर बाहेरून दिसतही नाही.

झेंडूचा हार, आपट्याची पानं, नारळ. मग व्याडेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन आलो, सगळा रस्ता दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. परत आल्यावर मागचं उजवं चाक कोमट, डाव्याजवळ हात नेववेना. जळक्या लायनरचा वास. काका बादली घेऊन आले, त्यांना थांबवलं. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं तर तो वाकडा होतो किंवा तडकतो. आपोआप निवू दिलं.

तात्पर्य, उजव्याचा फक्त गंज होता, तो सुटला. डावं अजून धरतंय.

१३ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस फक्त निदानाचा. काही बदलायचं नाही, काही विकत आणायचं नाही.

काल रात्री ओळखीच्या एका गॅरेजवाल्याला फोन केला होता. तो म्हणाला, “हँडब्रेकची केबल दोन आटे ढिली करा, चाक सुटेल.” सुटेलही. पण आमची शेड उतारावर आहे, ढिल्या केबलवर हँडब्रेक धरणार नाही. आणि दोष केबलचा नसेल तर आत जे काही अडकलंय ते तसंच राहील, फक्त दिसेनासं होईल.

चाक धरून ठेवणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात. पायाच्या ब्रेकचा दाब परत जात नसेल, हँडब्रेकची केबल परत येत नसेल, किंवा ड्रमच्या आत शू, स्प्रिंगा, शू बाहेर ढकलणारा सिलिंडर यांपैकी काही अडलं असेल. तिन्हींना एकेक करून बाजूला काढलं की गुन्हेगार उरतो. चुकीच्या क्रमाने गेलं की पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून शूपर्यंत सगळं बदलून होतं, बिल मोठं होतं आणि चाक तसंच तापत राहतं. असं होताना मी गॅरेजांत पाहिलंय, म्हणून इतक्या सविस्तर लिहितोय.

पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून जांभ्याचे चिरे लावले. हँडब्रेक खाली असणार, म्हणून हे चिरे हाच आधार. मागून जॅकने उचलून दोन्ही बाजूंना घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावल्या, गाडी अंगाने ढकलून बघितली, हलली नाही. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीच्या खाली कुणीही जाऊ नये, घाई कितीही असो.

गाडी न्यूट्रलमध्ये. उजवं चाक एका हाताने फिरवलं: दीडेक फेरा फिरून थांबलं, आतून हलकी खरखर, ती चालते. डावं चाक दोन हातांनी रेटावं लागतं आणि हात काढला की जागच्या जागी थांबतं.

पहिली परीक्षा, दाबाची. काकूला ब्रेक दाबून सोडायला सांगितलं. डावं चाक आणखी घट्ट झालं आणि सोडल्यावरही तितकंच घट्ट राहिलं. इथे बरेच जण थेट मास्टर सिलिंडरवर येतात. थांबलो. ड्रमच्या मागच्या पत्र्यावरच्या, ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायच्या निपलवर सकाळपासून गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं, तो रिंग पान्याने हलकेच सैल केला. (फिक्स पान्याने निपलच्या कडा गोल होतात आणि मग तो कायमचा बसतो.) लाइनमध्ये दाब अडकला असता तर ब्रेक ऑइलची पिचकारी उडाली असती आणि चाक लगेच मोकळं झालं असतं. आतून फुगून बंद झालेला रबरी होज असाच वागतो, पायाच्या जोराने ऑइल पुढे जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक छिद्र बुजलं तरी हेच होतं. इथे मात्र निपलमधून दोन-चार थेंब नुसते ओघळले आणि चाक होतं तसंच घट्ट. निपल बंद केला. होज आणि मास्टर सिलिंडर दोन्ही निर्दोष.

दुसरी परीक्षा, केबलची. हँडब्रेकचा अ‍ॅडजस्टिंग नट पार सैल केला, डाव्या केबलचं टोक हाताने चाकाच्या दिशेने ढकललं. चाक थोडं हलकं झालं. मोकळं नाही, पण आधीपेक्षा हलकं.

म्हणजे केबल दोषी आहे, पण एकटी नाही. उरलेलं ड्रमच्या आत आहे.

आणखी एक बघायचं होतं. काल ड्रम किती तापला असेल? मित्राकडून इन्फ्रारेड थर्मामीटर आणला होता. चाकं लावून गाडी शृंगारतळीच्या दिशेने थोडी नेली, परत येताना ब्रेक जवळपास न लावता आलो, उतारावर गिअरनेच आवरली. थांबल्याबरोबर रिमच्या भोकांतून ड्रमवर मोजलं. उजवा ४४ अंश, डावा ११८.

या ११८ चं गांभीर्य काकांना समजावून सांगितलं. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि हवेतली वाफ ओढून घेतं. डॉट-३ या प्रतीचं ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पण साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की किमान मर्यादा १४० वर येते. बाहेरून ड्रम ११८ असेल तर आत लायनरपाशी त्याहून जास्त. वर चढून तेवढ्याच उतरणीला लागलो की ब्रेक आणखी तापणार. सिलिंडरमधलं ऑइल उकळलं की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय सरळ खाली जातो. ब्रेक धरून बसलेलं चाक म्हणजे नुसता पेट्रोलचा अपव्यय, असं काकांना वाटत होतं. ऐकून घेतल्यावर ते स्वतःच म्हणाले, “मग आता हलवूच नको.” किल्ली काढून घरात ठेवली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

ड्रम काढायचा दिवस. या गाडीत मागचं बेअरिंग ड्रममध्येच बसवलेलं असतं, म्हणजे ड्रम काढायचा तर मधली टोपी, स्प्लिट पिन आणि मोठा नट काढावा लागतो. नट निघाला. ड्रम काही येईना.

कारण दोन. एक, शू बाहेर फाकलेले. दुसरं, वर्षानुवर्षं झिजून ड्रमच्या आतल्या काठावर कंगोरा तयार झाला आहे, शू त्यात अडकतात. मागच्या पत्र्याला एक रबरी बूच असतं. ते काढून आत स्क्रू ड्रायव्हर घातला आणि हँडब्रेकची आतली पट्टी तिच्या अडकणीतून मागे सरकवली, तेवढी जागा झाली. तरी पुलर लागणारच होता. गावातले मिस्त्री संध्याकाळी त्यांचा पुलर घेऊन आले. सत्तरीच्या पुढचे आहेत, अँबॅसिडर आणि पद्मिनीवर हात बसलेला. ड्रम पुलरने ओढताना सांगत होते, “दादा, लोखंडाशी भांडायचं नाही. ताण द्यायचा आणि थांबायचं.” ताण दिला, थांबले, परत पाव फेरा ताण. ड्रम आला.

आतलं दृश्य:

लायनरची काळी पूड आणि गंजाची तांबडी भुकटी एकमेकांत मिसळून साचलेली. मिस्त्रींचा हात सवयीने फुंकायला पुढे गेला, मी आधीच पाण्याचा स्प्रे आणि ओली फडकी तयार ठेवली होती. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती पूड कॉम्प्रेसरने उडवणं म्हणजे ती फुप्फुसात घेणं. भिजवून पुसायची आणि फडकी पिशवीत बांधून टाकायची. मिस्त्री म्हणाले, आयुष्यभर फुंकरच मारली. त्यांना खोकला आहे. त्यावर दोघंही काही बोललो नाही, पण उजव्या बाजूला त्यांनी स्वतःहून स्प्रे मागितला.

पुढच्या शूचा लायनर वरच्या टोकाला चकाकत होता, जळून काचेसारखा झालेला. मागच्या शूच्या खालच्या कडेला तेलकट ओल.

व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांना धुळीची रबरी टोपी असते. पुढची टोपी नखाने उचलली तर तांबूस पाणी बाहेर आलं. मग एक परीक्षा केली. मागचा शू मी मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने दाबून धरला, काकूने पेडल अगदी हलकं, जेमतेम हलेल इतकं दाबलं. पुढचा पिस्टन कण्हत बाहेर आला. पेडल सोडलं. शू परत ओढणाऱ्या स्प्रिंगा ताठ आहेत, तरी पिस्टन तिथेच. आता पुढचा शू धरून मागचा पाहिला: बाहेर येतो, परत जातो.

म्हणजे आतला गुन्हेगार एकच, पुढचा पिस्टन. सिलिंडरच्या भोकात गंज चढून तो घट्ट झालाय. पायाचा जोर स्प्रिंगेच्या जोरापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून बाहेर येतो. परत जायला नुसती स्प्रिंग, म्हणून जात नाही. गेल्या रविवारी पेडल दाबल्यावर चाक घट्ट होऊन तसंच राहिलं, त्याचं उत्तर हे.

२० ऑक्टोबर, रविवार

डाव्या बाजूचे सगळे फोटो आधी काढले: स्प्रिंगांची टोकं कुठल्या भोकात आहेत, आडवी पट्टी कशी बसते, कुठला शू पुढे. उजवी बाजू अजून न उघडता ठेवली, जोडताना नमुना म्हणून. दोन्ही बाजू एकाच वेळी खोलल्या की उरलेल्या स्प्रिंगेकडे बघत बसावं लागतं.

केबल काढली. बाहेरचं प्लॅस्टिकचं वेष्टण चाकाजवळच्या वळणावर चिरलेलं, बोटभर लांबीची फट. तिथून पाणी आत जाऊन तारेचा पीळ फुगलाय. सुटी केबल हातात धरून आतली तार ओढली: पकडीने ओढल्यावर सरकते, सोडल्यावर जागची हलत नाही. तेल घालून, उलटी टांगून बघितली. थोडी सुटली, पण फुगलेल्या तारेला तेलाचा उपयोग एक पावसाळाही टिकणार नाही. बदलायची.

सिलिंडरचं काम अवघड होतं. मागून येणाऱ्या स्टीलच्या पाइपचा नट सिलिंडरला गंजाने धरून बसलाय. जोर लावला तर नट सुटण्याऐवजी पाइपच पिळला जातो, मग मागपर्यंतची लाइन बदला. शनिवारी रात्री आणि सकाळी दोनदा तेल मारून ठेवलं होतं. मिस्त्री आले. त्यांनी पाना लावला आणि पहिल्यांदा नट किंचित घट्ट केला. “आधी घट्ट कर, मग सोड. गंज दोन्हीकडून तुटला पाहिजे.” केसभर घट्ट, केसभर सैल, पुन्हा तेल. शेवटी पाइप जागेवर आणि नट फिरू लागला. पाइपचं तोंड लगेच रबरी टोपीने बंद केलं, नाहीतर ब्रेक ऑइलची सगळी टाकी रिकामी होऊन मास्टर सिलिंडरमध्ये हवा शिरते. जे थोडं ऑइल गळलं ते पाण्याने धुतलं. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल रंग खातं.

सिलिंडर घरात नेऊन उघडला. पुढच्या पिस्टनच्या मागच्या बाजूला भोकात खड्डे पडले आहेत, नखाला लागतात. भोक गुळगुळीत असतं तर रबर किट टाकून चाललं असतं. खड्डे असताना नवं रबर टाकलं तर ते त्या खड्ड्यांवर घासून आठ-पंधरा दिवसांत गळायला लागतं. मिस्त्रींचं मत बारीक एमरी मारून किट टाकावं असं होतं आणि पैसे वाचवण्याची त्यांची कळकळ खरी होती. पण मी ब्रेकच्या बाबतीत खड्डे घासून काढलेला सिलिंडर लावणार नाही, तसं त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

उजवा ड्रमही काढला. सिलिंडर चालू स्थितीत, केबल सरकते. तरी टोपीखाली ओल दिसतेय. दोन्हीकडचं वय एकच, हवा एकच. मागचे ब्रेक जोडीने करायचे: दोन्ही सिलिंडर, दोन्हीकडचे शू, दोन्ही केबली. एका बाजूला नवं लायनर आणि दुसरीकडे जुनं असलं तर ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला खेचते. डाव्या मागच्या शूत तेल मुरलंय, ते धुऊन किंवा जाळून निघत नाही. लायनरची जाडी शिल्लक असली तरी तो शू गेलाच.

डावं बेअरिंग बोटाने फिरवलं, खरखरतं. एवढ्या उष्णतेत त्यातलं ग्रीस पातळ होऊन निघून गेलं असणार. तेही यादीत.

२३ ऑक्टोबर, बुधवार, चिपळूण

कामावरून सुटल्यावर दोन्ही ड्रम लेथवाल्याकडे दिले. आतला व्यास आधी मोजून घेतला. ड्रम फिरवून किती मोठा करता येतो याची कमाल मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, ती ओलांडली की ड्रमची भिंत पातळ होते आणि ड्रम लवकर तापतो. दोन्ही मर्यादेत बसले, खड्डे आणि कंगोरा गेला. डावं बेअरिंग त्याच्याकडेच प्रेसवर बदलून घेतलं. हातोडीने ठोकून बसवलेलं बेअरिंग नवं असतानाच मरतं.

सुटे भाग घेतले. शू, सिलिंडर, केबली, स्प्रिंगांचा संच, स्प्लिट पिना, डॉट-३ चा सीलबंद डबा. उघडलेला अर्धा डबा स्वस्तात देत होते, नाही घेतला.

२६ ऑक्टोबर, शनिवार

जोडणी. डावी बाजू आधी.

मागच्या पत्र्यावर शू ज्या उंचवट्यांवर घासत सरकतात तिथे शूच्या कडेने घळी पाडल्या आहेत. याकडे सहसा कुणी बघत नाही. सिलिंडर नवा, केबल नवी, आणि शू या घळीतच अडकतोय असं होऊ शकतं. चापट कानसीने घळी सपाट केल्या, वायर ब्रशने गंज काढला, प्रत्येक उंचवट्यावर ब्रेकचं उष्णता सोसणारं ग्रीस तिळाएवढं लावलं. जास्त लावलं तर ते वितळून लायनरवर जातं.

नव्या शूवर हात लावताना साबणाने धुतलेले हात. सिलिंडरच्या रबराला ब्रेक ऑइलखेरीज काही लावायचं नाही. पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑइल लागलं की ते रबर फुगतं, आणि फुगलेलं रबर पिस्टन अडकवतं. म्हणजे जो आजार बरा करायला निघालो तोच परत.

हँडब्रेकची आतली पट्टी शूवर फिरते ती खीळही गंजली होती. नव्या शूवर लावताना ती मोकळी फिरते की नाही हे हाताने बघून घेतलं. स्प्रिंग चढवताना मिस्त्रींनी पक्कड बाजूला ठेवून जुन्या सायकलच्या आऱ्याचा आकडा केला आणि एका ओढीत स्प्रिंग भोकात बसवली.

ड्रम चढवला, नट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने, नवी स्प्लिट पिन, टोपी. हाताने फिरवला: मोकळा, बेअरिंगचा आवाज नाही. उजवी बाजू अंधार पडायच्या आत संपली, नमुना समोर असल्यामुळे हात भराभर चालले.

२७ ऑक्टोबर, रविवार

हवा काढणं. मास्टर सिलिंडरच्या टाकीतलं जुनं ऑइल पिचकारीने ओढून काढलं. रंग कोऱ्या चहासारखा आणि तळाला गाळ. टाकी पुसून नवं भरलं.

पेडलच्या खाली लाकडी ठोकळा ठेवला, म्हणजे पेडल तळापर्यंत जाणार नाही. कारण असं: रोजच्या चालवण्यात पेडल अर्ध्या वाटेपर्यंतच जातं. मास्टर सिलिंडरमधला त्यापुढचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला, तिथे गंजाची पुटं असतात. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की रबर त्या पुटांवरून घासतं आणि चांगला मास्टर सिलिंडर दुसऱ्या दिवशी गळायला लागतो.

काकू पेडलवर, मी निपलपाशी, पारदर्शक नळी आणि तळाला थोडं ऑइल असलेली बाटली.

“दाब.”

“दाबलं.”

“धर हं, सोडू नको.” निपल उघडला, ऑइल आणि बुडबुडे. निपल बंद. “सोड.”

काकूला दुसऱ्या चाकापर्यंत लय सापडली, मग मला सांगावंच लागलं नाही. तीच “धरलंय” म्हणायची आणि मी उघडायचो. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, हे काम काकांकडे. मागची दोन्ही चाकं झाल्यावर पुढच्यांतलंही जुनं ऑइल काढून टाकलं. चारही निपलमधून स्वच्छ, फिकट ऑइल यायला लागेपर्यंत चालू ठेवलं. पेडल उंच आणि टणक.

मग समायोजन, आणि इथे क्रम महत्त्वाचा. आधी शू आणि ड्रममधलं अंतर, मग केबल. केबल सैलच ठेवून पेडल पुन्हापुन्हा दाबलं, शू स्वतःची जागा घेईपर्यंत. दोन्ही चाकं हाताने फिरवून सारखी खरखर येते का बघितलं. त्यानंतर केबलचा नट आवळत नेला, लिव्हर मोजक्या दांत्यांवर ताठ होईल इतका. उलट क्रमाने केलं, म्हणजे शू लांब असतानाच केबल ताणून घेतली, तर आतली पट्टी कायम थोडी ओढलेली राहते, आपोआप जुळणारी यंत्रणा काम करत नाही आणि चाक पुन्हा तापतं. मला वाटतं, धरून राहणाऱ्या कितीतरी मागच्या ब्रेकांचं मूळ या उलट्या क्रमात असावं.

लिव्हर खाली सोडला. दोन्ही चाकं मोकळी.

२ नोव्हेंबर, शनिवार (पाडवा)

सकाळी आधी शेडमध्येच बघितलं: आठवडाभरात सिलिंडरखाली ओल नाही, टाकीतली पातळी तीच.

मग रस्त्यावर. सुरुवातीला मोकळ्या सपाट रस्त्यावर बेताच्या वेगात हलके ब्रेक, मध्ये थंड होऊ देत, नवं लायनर ड्रमला बसावं म्हणून. पहिल्यांदा किंचित चुईं आवाज यायचा, तो थोड्या वेळात गेला. हातातलं स्टिअरिंग सैल सोडून ब्रेक लावला: गाडी सरळ थांबते.

त्याच रस्त्यावर तीच परीक्षा, ब्रेक जवळपास न लावता. उजवा ४६, डावा ४९.

उतारावर हँडब्रेक: शेडच्या चढावर न्यूट्रलमध्ये धरून ठेवतो. काका लिव्हर ओढायला लागले ते दोन्ही हातांनी. त्यांना दाखवलं की आता एवढ्या जोराची गरज नाही. मग आमचं जुनं भांडण निघालं.

“उतार आहे हा. हँडब्रेक न ओढता गाडी लावायची म्हणतोस?”

त्यांची भीती रास्त आहे. गाडी सुटली तर समोर विहीर आहे. म्हणून नियम दोन केले. रोजच्या थांबण्याला हँडब्रेक जरूर ओढायचा, कारण न वापरलेली केबलही गंजते, वापरातली तार सरकत राहते. पण पावसाळ्यात चार-चार आठवडे गाडी लावायची असेल तेव्हा हँडब्रेक खाली, गाडी गिअरमध्ये, उताराच्या बाजूने चाकांना दोन चिरे घट्ट. आणि पावसातही आठवड्यातून एकदा गाडी शेडमधून बेड्यापर्यंत (फाटकापर्यंत) आणून परत न्यायची, ब्रेक दोन-तीनदा दाबून. काकांनी चिरे स्वतः निवडले, एका बाजूने तासून पाचरीसारखे केले.

३ नोव्हेंबर, रविवार (भाऊबीज)

काकूला माहेरी सोडायचं होतं, चिपळूणला. चौघं गाडीत, डिकीत फराळाचे डबे आणि नारळ. मार्गताम्हाणेच्या पुढे थांबून मोजलं: डावा ६३, उजवा ६१. उतारांवर ब्रेक वापरले होते, त्यामुळे हे आकडे जास्त असणारच. दोन्हींतला फरक नगण्य आहे, मला तोच बघायचा होता. पोचल्यावर रिमजवळ वास नाही.

काकूने पहिल्यांदाच विचारलं की तापमापक नक्की काय सांगतो. तिच्या हातात दिला. तिने चारही चाकं मोजली आणि पुढची जास्त गरम का, ते विचारलं. ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं, इंजिनही पुढेच, म्हणून थांबवण्याचं बरंचसं काम पुढचे ब्रेक करतात. मागचं चाक पुढच्यापेक्षा गरम लागलं तर ती धोक्याची खूण, असंही सांगितलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

मागची चाकं काढून शेवटची तपासणी. दोन्ही सिलिंडरांच्या टोप्या कोरड्या. केबलचा ताण नवी तार बसल्यामुळे किंचित सैल झाला होता, नट अर्धा फेरा आवळला, चाकं पुन्हा फिरवून पाहिली, मोकळी.

एकूण खर्च लेथ आणि बेअरिंग धरून पाच हजारांच्या आत. मिस्त्री पैसे घेईनात, त्यांना दिवाळीचा फराळ आणि धुळीपासून नाक-तोंड झाकणारे मास्क दिले.

उरलेली कामं: डाव्या केबलच्या नव्या वेष्टणाला वळणावर जाड रबरी नळीचं कवच घालायचं, जुनी तिथेच चिरली होती. पुढच्या कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून साफ करायच्या. ब्रेक ऑइल पुन्हा ऑक्टोबर २०२६ मध्ये बदलायचं, तारीख बोनेटच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवली आहे.